परचित्तज्ञान आणि प्रेमकथा

जॉर्ज एलियट हे नाव इंग्रजीच्या विद्यार्थ्याला 'सायलस मार्नर' किंवा 'द मिल ऑन द फ्लॉस' या कादंबऱ्यांमुळे माहीत असते. खेड्यातले सुतार, विणकर, गिरणीवाले यांची दुनिया, आणि तिच्याकडे पाहणारी एक समंजस, गंभीर, काहीशी शिक्षिकेसारखी नजर. चमत्कारांशी या बाईंचा काडीचाही संबंध नसावा असे आपण धरून चालतो. श्ट्राउस आणि फॉयरबाख या जर्मन पंडितांनी ख्रिस्ती धर्माची चिकित्सा करणारे जे ग्रंथ लिहिले, त्यांची भाषांतरे त्यांनी केलेली होती. अशा बुद्धिवादी लेखिकेने दुसऱ्याच्या मनातले ऐकू येणाऱ्या आणि भविष्य दिसणाऱ्या माणसाची गोष्ट लिहावी, हे तिच्या प्रकाशकालाही फारसे रुचले नव्हते. १८५९ च्या जुलैमध्ये ब्लॅकवुडच्या मासिकात 'द लिफ्टेड वेल' (आपण 'दूर सारलेला पडदा' म्हणू) ही दीर्घकथा छापली गेली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते.

आज इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात 'पॅरानॉर्मल रोमान्स' या प्रकाराला स्वतंत्र कपाट असते. मुखपृष्ठावर चंद्र, धुके आणि अर्धवट वळलेला एक चेहरा. नायिकेला इतरांच्या मनातले कळते, नाहीतर नायकाला. कुणाला स्पर्श करताच त्या माणसाचे गतायुष्य दिसते, कुणाला उद्याचा खून आज दिसतो. विद्यार्थी ही पुस्तके बाकाखाली धरून वाचतात आणि आम्ही प्राध्यापक मंडळी नाक मुरडतो. मीही मुरडत होतो. पुढे त्यांतली काही वाचली, एलियटची कथा शेजारी ठेवली, आणि ध्यानात आले की १८५९ ची ही कथा व २००५ ची 'ट्वायलाइट' ही कादंबरी एकाच कळीवर चालतात. ती कळ कोणती आणि ती लागतेच का, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आधी शब्दांविषयी थोडे. 'टेलिपथी' हा शब्द फ्रेडरिक मायर्स यांनी १८८२ साली घडविला. त्याच वर्षी लंडनमध्ये अशा अनुभवांचा अभ्यास करणारी 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' ही संस्था निघाली. म्हणजे एलियटने कथा लिहिली तेव्हा हा शब्दसुद्धा अस्तित्वात नव्हता. आपल्याकडे मात्र पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात परचित्तज्ञान ही एक सिद्धी म्हणून नोंदलेली आहे, आणि अशा सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे होत हा इशाराही त्याच पादात आहे. दूरचे दिसण्याच्या शक्तीला 'दूरदर्शन' असे सुरेख नाव देता आले असते, पण ते नाव दूरचित्रवाणीने पळविले! महाभारतात व्यासांनी संजयाला जी दिव्य दृष्टी दिली, तिने त्याला रणांगणच दिसणार होते असे नव्हे. योद्ध्यांच्या मनात आलेला विचारही कळणार होता. ही दृष्टी व्यासांनी आधी धृतराष्ट्राला देऊ केली होती. आप्तांचा वध पाहण्याची इच्छा नाही, असे सांगून त्याने ती नाकारली. हा धृतराष्ट्र आपल्याला पुढे एकदा आठवावा लागेल.

एलियटच्या काळात या विषयाला विज्ञानाचा वास होता. मेस्मेरिझमची चर्चा डॉक्टरांच्या सभांतून होई. आपल्याच देशात, हुगळी येथे, जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने १८४५ पासून रोग्यांना मेस्मेरिझमने निद्रिस्त करून शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि पुढल्याच वर्षी त्यासाठी कलकत्त्यात एक इस्पितळही निघाले होते. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगण्याचे शास्त्र तर इतके प्रतिष्ठित होते की एलियटने स्वतःच्या मस्तकाचा साचा करून घेतला होता. तिचे सहचर लुईस हे त्याच सुमारास शरीरविज्ञानावर ग्रंथ लिहीत होते. पुढे विसाव्या शतकात ड्यूक विद्यापीठात ऱ्हाइन यांनी पंचवीस पत्त्यांचा जोड वापरून प्रयोग केले. पाच प्रकारची चिन्हे, प्रत्येकाचे पाच पत्ते. केवळ अंदाजाने सरासरी पाच बरोबर यावेत. त्याहून जास्त येतात असे त्यांनी १९३४ च्या ग्रंथात मांडले, पण इतरांच्या प्रयोगशाळांत ते आकडे टिकले नाहीत. तेव्हा अशी शक्ती कुणाला खरोखरच असते काय, हा प्रश्न मी येथेच सोडतो. कादंबरीकाराला ती शक्ती खरी असावी लागत नाही. 'ती असती तर?' एवढे त्याला पुरते.

आता कथेकडे वळू. लॅटिमर हा एका सधन बँकरचा धाकटा मुलगा. प्रकृतीने नाजूक, कविमनाचा, पण कविता लिहिण्याची ताकद नसलेला. आई लहानपणीच गेली. सावत्र थोरला भाऊ आल्फ्रेड धट्टाकट्टा, आत्मसंतुष्ट, घोड्यावर शोभणारा. एक विद्वान गृहस्थ लॅटिमरची कवटी चाचपतात आणि ठरवितात की या मुलाला जे आवडत नाही तेच, म्हणजे विज्ञान, शिकविले पाहिजे. (हा कवटीतज्ज्ञ आपल्यालाही अनोळखी नाही, दहावीनंतर मुलाने कोणत्या शाखेला जावे हे सांगणारा एक तरी मामा प्रत्येक घरात असतो.) पुढे जिनीव्हात शिकत असताना तो आजारी पडतो, आणि बरा होत असताना त्याच्यासमोर अचानक एक शहर उभे राहते. ते प्राग असते. हे शहर त्याने कधीही पाहिलेले नाही. फरसबंदीवर ताऱ्याच्या आकाराच्या दिव्यातून पडलेला रंगीत उजेडाचा तुकडासुद्धा त्याला स्पष्ट दिसतो. मग आणखी एक दृश्य : हिरव्या पोशाखातली एक फिकट, तीक्ष्ण चेहऱ्याची तरुणी. थोड्याच वेळाने ती खरोखरच दारातून आत येते. हीच बर्था.

हळूहळू दुसरी शक्तीही जागी होते. भोवतालच्या माणसांच्या मनातले त्याला नको असताना ऐकू येऊ लागते. येथे एलियटची प्रतिभा दिसते. एखादा सामान्य लेखक असता तर त्याने मनामनांतून खून, कारस्थाने, गुप्त पापे काढली असती. लॅटिमरला ऐकू येतो तो कचरा. क्षुद्र हेवा, सत्कृत्यामागची फुशारकी, आपल्याविषयी लोक काय म्हणतील याची सततची कुरकुर. आप्तस्वकीयांच्या गोड बोलण्याखाली हा आवाज अखंड चालू असतो. माणसे वाईट आहेत असे त्याला कळत नाही. ती कंटाळवाणी आहेत एवढेच कळते, आणि ते जास्त असह्य होते.

या सगळ्या गोंगाटात एकच मन त्याला ऐकू येत नाही. बर्थाचे.

आणि म्हणून तो तिच्यावर प्रेम करतो. एलियटने ही गोष्ट लपवून ठेवलेली नाही. बर्था गोड नाही, प्रेमळ नाही, तिच्या बोलण्यात धार आहे, शिवाय तिचे लग्न आल्फ्रेडशी ठरत आले आहे. तिच्यात आकर्षण आहे ते एवढेच की ती काय विचार करते आहे याचा लॅटिमरला पत्ता लागत नाही. इतर माणसांविषयी त्याला आशा करण्यासारखे काही उरलेले नाही, कारण त्यांच्याविषयी त्याला सर्व काही माहीत आहे. बर्थाविषयी त्याला आशा करता येते, भीती बाळगता येते, तिच्या एका कटाक्षाचा अर्थ लावण्यात रात्र घालविता येते. थोडक्यात, सर्वसामान्य प्रेमिकाला जे सुख-दुःख फुकट मिळते, ते त्याला फक्त एकाच ठिकाणी मिळते.

पण कथा येथे थांबती तर ती चमत्कृती ठरली असती. व्हिएन्नात एका क्रूर डोळ्यांच्या स्त्रीचे जुने चित्र पाहत असताना त्याला तिसरे दृश्य दिसते. बर्था त्याची पत्नी झालेली आहे. अंगावर हिरव्या सर्पाच्या आकाराचा अलंकार. आणि ती तिरस्काराने त्याला विचारते आहे की तू आत्महत्या का करीत नाहीस. हे दृश्य खरे ठरेलच असे नाही, अशी आशा तो धरतो. काही दिवसांनी तो प्रागला जातो आणि मुद्दाम पुलाकडचा रस्ता धरतो. फरसबंदीवर ताऱ्याच्या आकाराच्या दिव्यातून पडलेला तो रंगीत उजेडाचा तुकडा तेथे असतो. मग बर्थाविषयीचे दृश्यही खरे होणार. यानंतर आल्फ्रेड घोड्यावरून पडून मरतो, आणि दीड वर्षाने लॅटिमर बर्थाशी लग्न करतो.

वर्गात ही गोष्ट सांगितली की एक प्रश्न हमखास येतो : सर, त्याला माहीत होते, तर मग त्याने लग्न केले कसे? प्रश्न बरोबर आहे, आणि लेखिकेने आपल्याकडून तो काढून घेण्यासाठीच प्रागचा पूल रचलेला आहे. परीक्षेची तारीख वर्षभर आधी माहीत असूनही आपण काय करतो, हे मी उलट विचारतो. वर्गात हशा होतो, पण उत्तर पुरे होत नाही. पुरे उत्तर धृतराष्ट्रापाशी मिळते. त्याने दिव्य दृष्टी नाकारली हे खरे, पण त्याआधीच्या द्यूतसभेत त्याला दृष्टीची गरजच नव्हती. विदुर पुढे काय होणार ते स्पष्ट शब्दांत सांगत होता. कळले होते, कळल्याप्रमाणे वागणे मात्र झाले नाही, कारण पुत्राचा लोभ त्या क्षणी समोर होता आणि कुलक्षय दूर होता. लॅटिमरलाही दहा वर्षांनंतरची बर्था दिसते, पण ती एक दृश्य म्हणून. आजची बर्था समोर उभी आहे आणि तिचे मन बंद आहे. त्या बंद दारामागे कदाचित काही वेगळे असेल, या 'कदाचित'वर तो लग्न करतो. आपल्याकडे छत्तीस गुण जुळवून लग्ने लावणाऱ्यांनी आणि मुळीच न जुळवता प्रेमविवाह करणाऱ्यांनी, दोघांनीही हा भाग सावकाश वाचावा.

दार अखेर उघडते. वडिलांच्या मृत्यूच्या रात्री लॅटिमरला प्रथमच बर्थाच्या मनात दिसते. तेथे काय असते? पाताळ नाही, रहस्य नाही. एक कोरी, रुक्ष भिंत. इतकी वर्षे ज्या गूढावर तो जगला ते गूढ त्याचे स्वतःचेच होते. कथेचा उरलेला भाग, म्हणजे मोलकरीण मिसेस आर्चर, तिच्या मृत्यूनंतर लॅटिमरच्या डॉक्टर मित्राने तिच्या अंगात भरलेले रक्त, क्षणभर जिवंत होऊन तिने केलेला विषप्रयोगाच्या कटाचा उच्चार, हा भाग भडक आहे, आणि माझ्या मते तो नसता तरी चालले असते. खरी शोकांतिका त्या भिंतीपाशीच संपलेली असते.

यावरून कादंबरीच्या तंत्राचा एक नियम हाती लागतो. सर्वज्ञ पात्र कथेच्या कामाचे नसते. ज्याला सगळे कळते त्याच्याबाबतीत उत्कंठा राहत नाही आणि प्रेमही संभवत नाही. दोघांनाही थोडा अंधार लागतो. म्हणून अतींद्रिय शक्तीच्या कथाकाराला शक्ती निर्माण करण्यापेक्षा तिच्यातली खोट निर्माण करण्यात अधिक कौशल्य खर्चावे लागते. शक्ती कोणीही कल्पील. खोट कुठे ठेवायची, हे ज्याचे त्याचे.

स्टीफन किंगने तर खोटेचेच नाव पुस्तकाला दिले. 'द डेड झोन' (१९७९) मधला जॉन स्मिथ हा अमेरिकेतल्या मेन राज्यातला साधा शाळामास्तर. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये मोटार अपघातात त्याची शुद्ध हरपते, ती साडेचार वर्षांनी परत येते. मेंदूचा काही भाग निकामी झालेला आहे, आणि कुणाला स्पर्श केला की त्याचे भूत-भविष्य दिसू लागलेले आहे. पण दृश्यांतला काही भाग झाकलेलाच राहतो. मेंदूचा तो मेलेला प्रदेश तेवढे दाखवीत नाही. ज्या सेराशी अपघाताच्या रात्रीपर्यंत त्याचे प्रेम जुळत होते, तिचे एव्हाना दुसऱ्याशी लग्न झालेले आहे. तिचा हात हातात घेतल्यावर त्याला काय कळते? तिची हरवलेली लग्नाची अंगठी कुठे आहे ते. दुसऱ्याने घातलेली अंगठी! किंगच्या भडक प्रसंगांहून हा एवढासा प्रसंग मला मोठा वाटतो. पुढे ग्रेग स्टिल्सन नावाच्या पुढाऱ्याशी हस्तांदोलन करताना जॉनला दिसते की हा माणूस राष्ट्राध्यक्ष होऊन अणुयुद्ध घडविणार. आता काय करावे? लॅटिमरने जाणले आणि काहीच केले नाही. जॉन बंदूक उचलतो. तो त्या पुढाऱ्याला मारू शकत नाही, स्वतः मरतो, पण गोळीबारात पुढारी एका लहान मुलाला ढालीसारखे पुढे धरतो, ते छायाचित्रात येते, आणि त्याचे राजकारण तेथेच संपते. या कादंबरीवर १९८३ साली क्रोनेनबर्ग यांनी चित्रपट केला, तोही चांगला आहे.

चार्लेन हॅरिस यांच्या 'डेड अन्टिल डार्क' (२००१) ची नायिका सूकी ही लुइझियानातल्या एका लहान गावात बारमध्ये गिऱ्हाइकांना पेये वाढण्याचे काम करते. तिला सगळ्यांची मने ऐकू येतात, आणि या देणगीला ती अपंगत्व समजते. लग्नाचा जोडीदार शोधायचा तर पहिल्याच भेटीत समोरच्याच्या मनात काय आहे ते ऐकू येणार. मग कसली भेट! लॅटिमरच्या कानी पडणारा तोच कचरा तिलाही ऐकू येतो, फक्त येथे तो विनोदाने सांगितलेला आहे. एके रात्री बारमध्ये बिल नावाचा रक्तपिपासू येतो, म्हणजे इंग्रजीतला व्हॅम्पायर. त्याचे मन तिला ऐकू येत नाही. शांतता. ती त्याच्याकडे ओढली जाते ती प्रथम या शांततेसाठी. बाईंनी एलियट वाचली होती किंवा नव्हती याला महत्त्व नाही. विषय तोच असला की कळही तीच सापडते.

स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' (२००५) मध्ये कळ तीच, फक्त बाजू बदलली आहे. मने वाचतो तो एडवर्ड, आणि त्याला वाचता न येणारे एकमेव मन बेलाचे. आपल्या नायिकेचे मन कोरी भिंत आहे की गूढ, हे लेखिकेला कधी उघड करावे लागत नाही. बेलाच स्वतः गोष्ट सांगत असल्यामुळे ते वाचकाला आतून माहीत असते. या मालिकेची दुसरी कादंबरी 'न्यू मून' (२००६) तंत्राच्या दृष्टीने अधिक पाहण्यासारखी आहे. एडवर्डच्या बहिणीला, अ‍ॅलिसला, भविष्य दिसते. पण लांडग्यांत रूपांतर होणारी माणसे तिच्या दृष्टीत येत नाहीत. बेला कड्यावरून समुद्रात उडी टाकते ते अ‍ॅलिसला दिसते. तिला बाहेर काढणारा जेकब त्या लांडग्यांपैकी असल्यामुळे ती वाचल्याचे मात्र दिसत नाही. बेला मेली असे समजून एडवर्ड प्राण द्यायला इटलीला निघतो. रोमिओ-ज्युलिएटमध्ये निरोप पोहोचत नाही, येथे दिव्य दृष्टीत भोक पडते. काम दोन्हींचे सारखेच.

जेन अ‍ॅन क्रेन्झ यांच्या 'व्हाइट लाइज' (२००७) मध्ये नायिकेला कुणीही खोटे बोलले की जाणवते. ही मला सर्वांत व्यवहारी कल्पना वाटली. 'जेवण छान झाले' हे वाक्य जिला पारखून घेता येते तिने संसार कसा करावा?

या नियमाला अपवाद नाही काय? आहे. जॉर्ज द्यू मोरिए यांच्या 'पीटर इबेट्सन' (१८९१) मध्ये प्रेमिकांच्या मनांत कसलाही पडदा नाही. दोघे एकाच स्वप्नात शिरतात आणि वर्षानुवर्षे रात्री तेथे एकत्र राहतात. पण नीट पाहिले तर येथेही भिंत आहेच, केवळ तिची जागा बदललेली आहे. पीटर खुनाच्या शिक्षेपायी तुरुंगात आहे. मने मोकळी केली तेव्हा लेखकाला देह कोंडावे लागले. आणि शार्लट ब्राँटीच्या 'जेन आयर' (१८४७) मध्ये कित्येक मैलांवरून रोचेस्टरची हाक जेनला ऐकू येते, ती सबंध कादंबरीत एकदाच. रोज ऐकू आली असती तर जेन त्याच्यापासून दूर गेली ती गेलीच नसती आणि कादंबरी निम्म्यावर संपली असती.

एका बाबतीत मात्र आजच्या कादंबऱ्या एलियटच्या मागे पडतात. बंद दारामागे काय आहे हे शेवटी दाखविण्याची हिंमत त्यांच्यात क्वचित आढळते. मालिका चालू ठेवायची तर दार उघडून चालत नाही, हे प्रकाशनाचे गणित. हॅरिसबाईंनी ते थोडे मोडले म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे. मालिकेच्या सहाव्या पुस्तकात (२००६) सूकीला कळते की त्या पहिल्या रात्री बिल योगायोगाने आलेलाच नव्हता; त्याच्या राणीने त्याला तिला भुलविण्यासाठी धाडले होते. जिला साऱ्या गावाचे खोटेपण ऐकू येई, तिला फसविणारे खोटे त्या एकाच शांत मनात होते. हे तिला मन वाचून कळत नाही. तुम्हाआम्हांला कळते तसे, दुसऱ्यांच्या तोंडून कळते.

एलियटने आपली कथा पुढे बरीच वर्षे पुन्हा छापू दिली नाही. १८७८ साली तिच्या समग्र साहित्याची आवृत्ती निघाली तेव्हा ही कथा 'सायलस मार्नर'च्या खंडात बांधली गेली, आणि नंतरच्याही काही आवृत्त्यांत ती तशीच राहिली. ग्रंथालयातली 'सायलस मार्नर'ची जुनी प्रत हाती आली तर विणकराची गोष्ट संपल्यावर पुस्तक लगेच परत करू नका. मागची पाने उलटून पाहा. लॅटिमर अगदी सुरुवातीलाच आपल्या मृत्यूचा दिवस सांगून बसलेला असतो : २० सप्टेंबर १८५०.